उतारावरचा सलाम

मी तापट मानूस हाय, हे आमच्या तांड्यातल्या कुत्र्यालाबी ठाव हाय. पन ड्रायव्हर म्हनून फुलसिंग राठोडच्या नावाला डाग न्हाई, हेबी सगळ्यास्नी ठाव हाय. जीप चालवली, ट्रॅक्टर चालवला, टेम्पो तर आयुष्यभर चालवला. कोंबडीचं पिल्लू चाकाखाली आलं न्हाई. डोंगरकड्यापासून वसमतपर्यंत कोनालाबी इचारा. माझ्या गाडीत म्हाताऱ्या बाया झोपा काढतात.

म्हनून तर पुन्याच्या त्या कंपनीनं मला निवडलं. बॅटरीवर चालनारा छोटा टेम्पो त्यांनी बनवला व्हता, अन् बाजारात आनायच्या आधी आमच्यासारख्या रस्त्यावर माल भरून चालवून बघायचा व्हता. कंपनीचे दिपक साहेब तांड्यावर आले, चावी दिली अन् म्हनले, "काका, रोजच्यासारखी चालवा. काही झालं तर सांगा."

गाडी काय व्हती म्हनता! धूर न्हाई, धडधड न्हाई. माझी बायको जिवनबाई पहिल्या दिवशी बसली अन् अर्धा रस्ता आल्यावर इचारती, "चालू कवा करनार?" मी हळदीची पोती भरायचो, वसमतच्या मार्केटात उतरवायचो, रिकामी गाडी घेऊन शिटी वाजवत परत यायचो. स्टँडवरले बाकीचे ड्रायव्हर डिझेलचा वास घेत माझ्याकडं बघत बसायचे. मला लई गोड वाटायचं, खोटं काहून बोलू?

अन् मंग ते झालं.

आमचा तांडा उंचावर हाय. तांड्यातून निघालं की सेवालाल महाराजांचं देऊळ लागतं, पांढरा झेंडा लावलेलं, अन् तिथूनच उतार सुरू व्हतो. उतार आखूड, बुडाला लगेच वळन. त्या दिवशी वळनावर माझा चुलतभाऊ रतनसिंग केळीची ट्रॉली उभी करून तंबाखू मळत व्हता. मला दुरून दिसला. ब्रेकवर पाय ठेवला. अन् गाडीनं ऐकलंच न्हाई. म्हनजे ऐकलं, पन जरा मागून. मधी एक क्षन असा गेला की पायाखाली गाडीच न्हाई. मंग एकदम ब्रेक लागला, तवर आमी ट्रॉलीला जाऊन टेकलो व्हतो. मानसाला कुनाला खरचटलं न्हाई. बंपर वाकला अन् केळीचे घड रस्त्यावर पसरले.

आता धडकायचं तर एखाद्या परक्याला तरी धडकावं. रतनसिंगला धडकलो! त्यानं दुपारपर्यंत सगळ्या मुलखात दवंडी पिटली. स्टँडवर गेलो की कोनीतरी वरडायचंच, "फुलसिंगभाऊ, केळी पिकली का?" कळमनुरीच्या बाजारात एका अनोळखी मानसानं इचारलं, "ते केळीवाले ड्रायव्हर तुमीच का?" माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दिपक साहेब आले, गाडीला कॉम्प्युटर जोडला, बघितलं अन् मऊ आवाजात म्हनले, "काका, गाडी बरोबर आहे. तुमचा पाय उशिरा पडला. वयानं होतं असं."

"माझा पाय?" मी म्हनलं. "साहेब, हा पाय तुमच्या कंपनीच्या आधीपासून ब्रेकवर हाय!"

"कॉम्प्युटरमध्ये वेळ नोंदलेली असते काका. ती काही कोणाची बाजू घेत नाही. महिना संपला की आपण दुसरा ड्रायव्हर बघू."

खरं सांगतो, मार खाल्ला असता तर एवढं लागलं नसतं. गाडी जाईल त्याचं काही न्हाई, गाड्या येतात जातात. पन "फुलसिंगचा पाय गेला" हे एकदा मुलखात झालं की म्हाताऱ्या बाया माझ्या गाडीत झोपनार न्हाईत. मंग मी कशाचा ड्रायव्हर? घरात मी ताट सरकवून उठायला लागलो. "नाव गेलं, नाव गेलं" म्हनून बायकोचं डोकं खाल्लं. शेवटी जिवनबाई चिडली. "माझ्यावर काहून वरडता? ज्यांनी गाडी बनवली त्यांच्यावर वरडा की!"

बाईचं म्हननं बराबर व्हतं. गाडीच्या दारावर पुन्याच्या हापिसाचा नंबर लिहेल व्हता. लावला. पलीकडून एका पोरीनं उचलला अन् मी तोंडाचा पट्टा सोडला. दम लागेपर्यंत बोललो. ती गप ऐकत व्हती. माझा श्वास संपल्यावर म्हनली, "काका, झालं? आता एक सांगा. ब्रेक दाबल्यावर गाडी पुढं ढकलली गेली, का नुसती मोकळी सुटली?"

असं कोनीच इचारलं नव्हतं. मी जरा इचार केला. "मोकळी सुटली. बैलानं जू टाकल्यासारखी. मंग परत धरली."

"जू टाकल्यासारखी," तिनं माझेच शब्द परत म्हनले. मंग ती म्हनली, "मी येते."

मला वाटलं, बोलायचं म्हनून बोलली. तर दोन-चार दिवसांत कुरुंद्याकडून एक मोटरसायकल तांड्यावर आली. अंगात साधा ड्रेस, पाठीवर काळी बॅग, पोरगी पस्तिशीच्या आतली. दिपक साहेब तिच्या आधी येऊन बसले व्हते, तिला बघून उभेच राहिले. "मॅडम, तुम्ही स्वतः?"

ती माझ्याकडं वळली. "जय भीम काका, जय सेवालाल. मी सपना. कुरुंद्याच्या धम्मानंद खिल्लारेंची मुलगी."

"एसटी चालवनाऱ्या धम्मानंदची?" मी वरडलोच. वसमत डेपोत त्याच्यासोबत मी किती चहा प्यालो असंल! "अगं, मंग तू आमचीच पोरगी की."

"म्हणून तर आले. आमच्या घरात एक शिकवण आहे काका, ड्रायव्हरचा पाय खोटं बोलत नाही. तोंड बोलतं, पण पाय नाही." जिवनबाई पदरात तोंड घालून हसली. मला राग यायला पायजे व्हता, पन आला न्हाई.

चहा पीत तिनं आमाला तिचं काम सांगितलं. मला वाटलं व्हतं, इंजिनीअर म्हनजे पाना घेऊन गाडीखाली शिरनारी. ती म्हनली, "गाडीत एक छोटा कॉम्प्युटर आहे. डोकं एकच, कामं शंभर. मोटर फिरवायची, बॅटरी सांभाळायची, लाइट, हॉर्न, ब्रेक. एका वेळी ते डोकं एकच काम करू शकतं. मग आधी कोणाचं ऐकायचं, मागून कोणाचं, हे ठरवायला आत एक व्यवस्था असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात."

"तांड्याचा नायक," मी म्हनलं. आमच्यात बैठक भरली की कोनी कवा बोलायचं ते नायक ठरवतो.

"अगदी तसंच. आणि गाडीतला नायक लई कडक असतो. काम बरोबर होऊन भागत नाही, वेळेत व्हावं लागतं. ब्रेक बरोबर लागला पण उशिरा लागला, तर..."

"वरातीमागून घोडं," जिवनबाई म्हनली.

"बरोबर काकू. आता कोणत्याही कामाला नायकाकडं काही मागायचं असेल तर त्याची रीत ठरलेली आहे, शब्द ठरलेले आहेत. मला जागं कर, मला अमुक दे, माझं झालं, हे घे परत. परदेशातली भारी मोटार असो नाहीतर आपला टेम्पो, त्या रीतीनं लिहिलं की कोणीही लिहिलेलं काम कोणत्याही नायकासमोर उभं राहतं. कामं आणि नायक यांच्यामधली ती बोलणी लिहायची, हे माझं काम."

मी पुन्हापुन्हा तिच्याकडं बघत व्हतो. आमच्या मुलखातली पोरगी जगभरच्या गाड्यांच्या नायकाशी बोलती! धम्मानंदनं एसटीची घंटी ऐकत आयुष्य काढलं, अन् त्याची लेक ब्रेकला बोलायला शिकवती. माझा ऊर भरून आला. पन तोंडानं मी म्हनलं, "ते राहू दे, माझ्या पायाचं बघ."

तिनं ब्रेकच्या पायट्याला एक बारीक वायर चिकटवली अन् ती आपल्या लॅपटॉपला जोडली. दिपक साहेब म्हनले, "गाडीत नोंद असतेच की."

"गाडी काय नोंदते, सांगू का सर?" ती म्हनली. "ब्रेकचं काम आत सुरू झालं, ती वेळ. पाय पडला ती वेळ नाही. काम जर दारात अडकलं असेल, तर गाडी म्हणणार, पायच उशिरा आला. मला पायाची वेळ वेगळी पाहिजे."

दिपक साहेबांनी मान हलवली. मानूस वाईट न्हाई, कॉम्प्युटरवर जरा जास्त भरोसा हाय एवढंच.

मंग आमी निघालो. पोती भरून, ती शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. उतार उतरलो, वळन घेतलं. काही न्हाई. परत वर गेलो, परत उतरलो. काही न्हाई. दुपार कलली, पोती हलकी करून बघितली, जड करून बघितली. गाडी कशी, सासरी नवी आलेली सून! जिथं दाबावं तिथं उभी. मी घामानं भिजलो. दिपक साहेब वळनावर झाडाखाली उभे राहून घड्याळाकडं बघत व्हते, अन् ते बघनंच मला टोचत व्हतं. रतनसिंग तर खास बघायला आला व्हता. केळी खात उभा, मेला.

"काका," सपना म्हनली, "तुम्ही रोज अशीच चालवता?"

"ह्याच्यापेक्षा वाईट. आज तू बसलीस म्हनून नीट चालवून राहिलो."

"नीट नका चालवू. रोजच्यासारखी चालवा."

"अगं, रोजची तीच तर हाय!" मी खेकसलो. ती रागावली न्हाई, पन तिचा चेहरा पडला. एवढ्या लांबून आली, माझ्या शब्दावर आली, अन् हाती काही लागंना. मला पहिल्यांदा वाटलं, खरंच माझा पाय गेला का काय?  कोनाला दिसू नये असा मी ब्रेकवर पाय ठेवून, काढून, परत ठेवून बघितला.

तेवढ्यात जिवनबाईला वसमतला भैनीकडं जायचं व्हतं. ती म्हनली, जाताच हाव तर मलाबी सोडा. मागं पोत्यांवर बसली. मी गाडी काढली, देऊळ आलं, उतार लागला, अन् मागून टपावर थाप पडली.

"ओ रुपाचे बा! डोळे फुटले का? सकाळपासून बघून राहिले, महाराजांना सलाम कोन करनार?"

आता हे सांगायला पायजे. आमच्याकडं देवळापुढून गाडी गेली की तीन लांब हॉर्न द्यायचे अन् तेवढ्यात लाइट खाली-वर करायची. गाडीचा सलाम म्हनतो आमी त्याला. बापापासून चालत आलेलं. केळीच्या दिवशीबी केला व्हता. पन आज सकाळपासून मी केला नव्हता, कारन शेजारी वायरी लावून शिकलेली पोरगी बसलेली, म्हनलं हसंल. अन् फोनवर सांगितला न्हाई, कारन सलाम म्हनजे काय गाडी चालवनं हाय का? श्वास घेतो ते कोनी सांगतं का?

बायकोच्या थापेसरशी हात आपोआप गेले. एक हात हॉर्नवर, दुसरा लाइटच्या दांडीवर, अन् वळन आलं म्हनून पाय ब्रेकवर.

गाडी सुटली.

"सुटली! सुटली बघ!" मी वरडलो. मंग ब्रेक लागला, पोती पुढं सरकली, जिवनबाईनं मागून माझ्या सात पिढ्या काढल्या. समोर रस्ता मोकळा व्हता, नशीब. अन् शेजारची पोरगी! मी घाबरून बघितलं, तर ती हसत व्हती. डोळ्यांत पानी अन् हसत व्हती.

"सापडलं काका! तुमचा पाय वेळेवर आहे, हे बघा, इथं आहे. आणि आतलं काम इथं सुरू झालं. मधला हा सगळा वेळ गाडीनं खाल्ला." तिनं लॅपटॉप माझ्यापुढं धरला. मला त्यातल्या रेघा काय कळनार? पन "तुमचा पाय वेळेवर आहे" हे कळलं. मी गाडीतून उतरलो अन् देवळाकडं तोंड करून हात जोडले. रडलो म्हना, व्हय, रडलो.

मंग आमी सगळे वर आलो, अन् देवळाच्या पायरीवर बसून तिनं सारं उलगडलं. आत एक जागा हाय, जिथं सगळ्या कामांसाठी सामाईक माहिती ठेवतात. एका वेळी एकानंच हात लावायचा. लाइटचं काम सगळ्यात लहान. त्यानं ती जागा धरली व्हती. तेवढ्यात हॉर्न आला. हॉर्न लाइटपेक्षा मोठा, म्हनून नायकानं लाइटला थांबवलं अन् हॉर्नचं ऐकलं. तेवढ्यात ब्रेक आला, सगळ्यात मोठा. पन त्याला लागनारी जागा लाइटच्या मुठीत, अन् लाइटला हॉर्न हलू देईना. रोज हे तिन्ही असे एकाच क्षनी जुळत न्हाईत, म्हनून रोज गाडी सुटली न्हाई.

मी जरा डोकं खाजवलं. "म्हनजे सगळ्यात मोठा पाहुना पंगतीत उपाशी बसलाय, पळी वाढनाऱ्या पोराच्या हातात, अन् मधल्याच पाहुन्यानं त्या पोराला गप्पांत अडकवलंय."

सपना खदखदून हसली. "बराबर काका! आणि त्यावर नियम काय, माहीत आहे? ज्याच्या हातात पळी, त्याला पळी खाली ठेवेपर्यंत त्या मोठ्या पाहुण्याइतकाच मान. मधे कोणी अडवायचं नाही. हा नियम गाडीत आधीच आहे. फक्त पळी मागताना नायकाकडून, त्याच्या ठरलेल्या शब्दांत मागावी लागते. तशी मागितलीच नाही, परस्पर उचलली. एवढ्याशा लाइटसाठी नायकाला कशाला त्रास, असं वाटलं. मग नायकाला कसं कळणार, पळी कोणाकडं आहे ते?"

"कोन्या गाढवानं केलं हे?" मी इचारलं.

"मी," ती म्हनली.

 रतनसिंगनं केळ चावायचं थांबवलं.

तिनं तिथूनच पुन्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तिचे मोठे साहेब व्हते. तिनं सगळं सांगितलं, अन् शेवटी म्हनली, "चूक माझ्या लिहिण्यात आहे. ड्रायव्हरची नाही."

साहेबांनी ऐकून घेतलं अन् म्हनले, "ठीक आहे, पण हॉर्न, लाइट आणि ब्रेक एकदम कोण वापरतं? त्यांना सांग, देवळापाशी हॉर्न वाजवू नका. सूचना काढू. एवढ्यासाठी सगळं उघडायचं म्हणजे सगळ्या तपासण्या पुन्हा."

मी उठलोच. माझ्या तोंडावर शिवी आली व्हती. पन सपनानं हात वर करून मला बसवलं, अन् फोनमधी शांतपने म्हनली, "सर, आज देवळापाशी सलाम आहे, उद्या कुठल्यातरी घाटात समोरून ट्रक येईल आणि माणूस हेच करेल. हॉर्न दाबेल, लाइट दाखवेल, ब्रेक मारेल. जीव वाचवताना माणूस तिन्ही एकदमच करतो. या लोकांनी रोज केलं म्हणून आपल्याला आज कळलं. सलाम बदलणार नाही. गाडी बदलेल."

 मंग साहेब म्हनले, "बदल."

काय पोरगी! मी आयुष्यात भांडनं लई केली, पन सगळी मी बरोबर हाय म्हनून केली. माझं चुकलं असं सांगून वर कोनी भांडनं जिंकतं, हे मी पहिल्यांदा बघितलं. दिपक साहेब माझ्याजवळ आले अन् माझा हात हातात घेतला. "काका, मी पायाबद्दल बोलायला नको होतं." मी म्हनलं, "बसा, चहा घ्या." दुसरं काय म्हननार?

ती पुन्याला गेली अन् काही दिवसांनी नवं लिहिलेलं घेऊन आली. गाडीला जोडलं, बॅग बंद केली अन् म्हनली, "चला, सलाम करू." आमी उतारावर आलो. मी हॉर्न दिला, लाइट दाखवली, ब्रेकवर पाय ठेवला. पायाखाली गाडी व्हती. पुन्हा केलं, पुन्हा व्हती. तिसऱ्यांदा तिनं दार उघडून जिवनबाईला हाक मारली, "काकू, आता बसा, पोती सरकायची नाहीत." जिवनबाई बसली अन् शिव्या न देता उतरली. ती खरी परीक्षा व्हती.

आता गाडी बाजारात आलीय म्हनतात. मी अजून तीच चालवतो, अन् कालच एका म्हातारीला वसमतला नेऊन हलवून उठवावं लागलं.

पन खरं सांगायचं ते येगळंच हाय. मागच्या आठवड्यात सपनानं मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. पुन्याचं मोठं शेड, पांढऱ्या दिव्यांखाली नव्या कोऱ्या टेम्पोंची रांग. एक पोरगा गाडीत बसलाय. बाहेरून कोनीतरी वरडतं, "ब्रेक झाला, बॅटरी झाली, आता फुलसिंग घे!" अन् गाडी तीन लांब हॉर्न देते, लाइट खाली-वर करते अन् जागच्या जागी उभी राहते. मंग दुसरी गाडी. "फुलसिंग घे!" तीन हॉर्न, लाइट, ब्रेक. मंग तिसरी. खाली सपनानं लिहिलं व्हतं, "काका, तपासणीला तुमचं नाव दिलंय. तुमचा सलाम केल्याशिवाय इथून एकही गाडी बाहेर पडत नाही."

मी ते किती डाव बघितलं, मला सांगता यायचं न्हाई. डोळ्यांपुढं धुकं झालं व्हतं. जिवनबाईनं माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला, आवाज मोठा केला अन् सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असा दारात धरला.

"नाव गेलं, नाव गेलं म्हनून बोंबलत व्हते न?" ती म्हनली. "घ्या. पुन्यात हाका मारून राहिले."